कानाझावा: डबा विसरला तरी चालेल, छत्री नको

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कानाझावात एक जुनी म्हण आहे: डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. इथे वर्षाला सरासरी २४०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतो. आकडा मुंबईच्या जवळपासचाच, पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते. कानाझावात बाराही महिने काही ना काही पडत असतं आणि सगळ्यात ओला महिना डिसेंबर. सैबेरियाकडून आलेला कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि हाकुसानच्या डोंगराला (उंची २७०२ मीटर) अडून ते खाली टाकतो. कोकणात सह्याद्री जे करतो तेच, फक्त ऋतू उलटा.

या ओलीमुळेच इथली बाग, भिंती, सोन्याचा वर्ख आणि जेवण आहे तसं आहे. म्हणून खालचा कार्यक्रम मुद्दाम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी आखला आहे. एप्रिलमधला साकुरा (चेरीचा बहर) जपानात कुठेही दिसेल. दोऱ्यांनी बांधलेले पाइन, गवताच्या चटया पांघरलेल्या भिंती आणि मादी खेकडे एकाच फेरीत हवे असतील, तर हेच दिवस.

पहिला दिवस: स्टेशन आणि ओदेन

टोकियोहून होकुरिकु शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) थेट कानाझावाला येते. ही गाडी इथवर २०१५ साली आली. 'कागायाकी' अडीच तासांत पोचते, पण तिच्यात सगळी आसनं आरक्षित असतात. 'हाकुताका' जास्त ठिकाणी थांबते, तीन तास घेते, मात्र तिला बिनआरक्षणाचे डबे असतात. भाडं सुमारे १४ हजार येन. क्योतो किंवा ओसाकाहून येणाऱ्यांसाठी मार्च २०२४ पासून एक अडचण वाढली आहे. पूर्वी 'थंडरबर्ड' थेट यायची, आता ती त्सुरुगापर्यंतच येते आणि तिथून शिनकान्सेन घ्यावी लागते. गाडी बदलायला मिनिटं थोडीच मिळतात आणि शिनकान्सेनचा फलाट वरच्या मजल्यावर आहे. मोठ्या बॅगा असतील तर त्सुरुगा येण्याआधीच दाराशी उभं राहावं.

स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडलं की काचेचा प्रचंड घुमट लागतो. त्यात ३०१९ काचा आहेत. गाडीतून उतरलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर छत्री धरावी, ही त्यामागची कल्पना. त्यापुढे १३.७ मीटर उंचीचं लाकडी 'त्सुझुमी' द्वार. त्याचे खांब पीळ दिलेले आहेत आणि आकार नोह नाटकात वाजणाऱ्या त्सुझुमी नावाच्या हातढोलकावरून घेतला आहे.

छत्री भारतातून आणू नका. कुठल्याही सुविधा दुकानात (चोवीस तास उघडी असतात ती) पारदर्शक प्लास्टिकची छत्री मिळते. वाऱ्याने उलटली तर जीव हळहळत नाही. प्रत्येक दुकानाच्या दाराशी छत्र्यांचं स्टँड असतं आणि सगळ्या छत्र्या एकसारख्या. मुठीला रंगीत दोरा बांधून ठेवा. बूट मात्र पाणी आत न येणारे हवेत. दिवसातून चार-पाच वेळा ते काढावे लागतात, म्हणून नाडीचे नकोत.

शहर लहान आहे. स्टेशनपासून सगळी महत्त्वाची ठिकाणं दोन-तीन किलोमीटरांच्या आत येतात. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, आकडा लिहिलेली चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना पुढे चालकाजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. घोळ इथे होतो: पेटी सुटे परत देत नाही. नोट असेल तर आधी त्याच यंत्राच्या दुसऱ्या खाचेत घालून नाणी करून घ्यायची. तेही बस थांबलेली असताना, उतरायच्या रांगेत नाही. दिवसाचा पास घेतला की हा प्रश्न मिटतो, पण तीन-चार फेऱ्या होणार असतील तरच तो परवडतो.

संध्याकाळी ओयामा देवळाचं द्वार पाहून घ्यावं. १८७५ साली बांधलेल्या या तीन मजली दाराच्या सर्वात वरच्या मजल्याला रंगीत काचा आहेत आणि अंधार पडल्यावर त्या आतून उजळतात. शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळाला युरोपी चर्चची काच, हे मेइजी काळातलं, म्हणजे जपानने पाश्चात्त्य वळण घेतलं तेव्हाचं वेड. माथ्यावर तडितरक्षक आहे, तो जपानमधला सगळ्यात जुना मानतात. त्याची गरजही होती. या शहरात वर्षातले चाळीसहून अधिक दिवस वीज कडाडते, तीही मुख्यतः हिवाळ्यात. डिसेंबरमधल्या या गडगडाटाला 'बुरी-ओकोशी' म्हणतात, म्हणजे बुरी माशाला जागं करणारा. तो ऐकू आला की बुरीचा हंगाम लागला असं कोळी समजतात.

रात्री ओदेन. इतर जपानात हा थंडीतला पदार्थ. कानाझावात तो बारमाही आहे. काउंटरमागच्या चौकोनी पात्रात हलका रस्सा मंद आचेवर असतो आणि त्यात मुळा, अंडं, टोफू, माशाची वडी मुरत असते. इथले खास तुकडे तीन: 'बाई' नावाचा समुद्री शंख, गाडीच्या चाकासारखं दिसणारं 'कुरुमाफु' आणि 'कानीमेन'. फु म्हणजे गव्हातला चिवट भाग. कुरडईसाठी आपण चीक ठेवतो आणि चोथा टाकतो. इथे उलट: कणीक पाण्यात धूत राहायची, चीक वाहून गेला की रबरासारखा गोळा उरतो, तो भाजायचा. रस्सा शोषून घेण्यात त्याचा हात धरणारं काही नाही.

कानीमेन म्हणजे मादी खेकड्याच्या कवचात तिचंच मांस आणि अंडी भरून केलेला तुकडा. फळ्यावर त्यापुढे किंमत नसेल आणि 'जिका' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'आजचा बाजारभाव'. विचारल्याशिवाय मागवू नका, एक तुकडा बाकी सगळ्या जेवणाएवढा महाग पडू शकतो. बसताच न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिचेही तीनशे-पाचशे येन लागतात. ती फसवणूक नाही, बसायची किंमत आहे.

शाकाहारींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ओदेनमधला मुळासुद्धा शाकाहारी नाही. रस्सा 'दाशी'चा असतो आणि दाशीत बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस असतो. 'मांस नको' म्हटलं तर मासा येतो, 'मासा नको' म्हटलं तरी दाशी येतेच. 'कात्सुओ-दाशी नुकी' असं कागदावर जपानीत लिहून दाखवावं. तरीही ओदेनच्या दुकानात मान हलणार नाही, कारण रस्सा एकच असतो.

दुसरा दिवस: केनरोकुएन, आणि घाई नको

जपानच्या तीन नामवंत बागांपैकी केनरोकुएन एक. क्षेत्रफळ ११.४ हेक्टर. तिकीट ३२० येन आणि ६५ वर्षांवरच्यांना वयाचा पुरावा दाखवला की मोफत, म्हणून आईवडिलांचे पासपोर्ट खिशात असू द्या. हिवाळ्यात बाग ८ ला उघडते. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे ६ पासून दोन ठराविक दारांनी फुकट आत जाता येतं. अट एकच: पावणेआठपर्यंत, म्हणजे ७.४५ ला बाहेर पडायचं. आतच रेंगाळून तिकीट वाचवायचा प्रयत्न करू नये, रखवालदार नम्रपणे बाहेर काढतात. डिसेंबरमध्ये उजाडायला पावणेसात होतात, म्हणजे हातात एक तास. तेवढ्यात तळ्याकाठी शंभराऐवजी दहा माणसं असतात.

केनरोकु म्हणजे 'सहा गुण एकत्र'. बागशास्त्राच्या जुन्या चिनी ग्रंथात सहा गुण सांगितले आहेत: विस्तार आणि एकांत, माणसाची कारागिरी आणि प्राचीनपण, पाणी आणि दूरचं दृश्य. ते जोड्यांनी वाचले की गंमत कळते. बाग मोठी केली की एकांत जातो. कारागिरी दिसली की जुनेपण हरवतं. पाणी सखल जागी साचतं, दृश्य मात्र उंचावरून मिळतं. ही शेवटची जोडी या बागेने कशी जुळवली ते पाहण्यासारखं आहे, कारण बाग टेकाडावर आहे आणि तरीही भर माथ्यावर कासुमिगाइके तळं आहे.

हे पाणी आणलं कुठून? १६३१ साली शहराला मोठी आग लागली आणि किल्ल्यात पाणी पुरलं नाही. पुढच्याच वर्षी, १६३२ मध्ये, साई नदीच्या वरच्या अंगाहून दहा किलोमीटरांहून लांब तात्सुमी कालवा खोदून पाणी या टेकाडावर आणलं. बाग आणि किल्ला यांच्यामध्ये तेव्हा खंदक होता, आज तिथे रस्ता आहे. तो ओलांडून पाणी किल्ल्यात चढवण्यासाठी उलटा वक्रनळ वापरला. बागेची पातळी किल्ल्यापेक्षा उंच, म्हणून नळीत खाली उतरलेलं पाणी पलीकडे आपोआप वर चढतं. नळ्या आधी लाकडी होत्या, नंतर दगडी झाल्या. याच तत्त्वावर बागेतलं कारंजं चालतं, ते जपानमधलं सर्वात जुनं समजतात. पंप नाही. वरच्या तळ्याच्या पातळीमुळे धार साधारण साडेतीन मीटर उडते, आणि तळं उतरलं की धारही उतरते.

आता दोऱ्या. 'युकीत्सुरी' म्हणजे बर्फासाठी टांगणं. इथलं तापमान शून्याच्या आसपास रेंगाळतं, त्यामुळे बर्फ कोरडा भुसभुशीत नसतो, पाण्याने जड झालेला असतो. पाइनच्या आडव्या फांदीवर तो साचला की फांदी मोडते. म्हणून खोडाशेजारी उंच खांब रोवून त्याच्या टोकापासून भाताच्या पेंढ्याच्या दोऱ्या एकेका फांदीला बांधतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. काम १ नोव्हेंबरला कारासाकी पाइनपासून सुरू होतं. त्या एका झाडाला पाच खांब आणि सुमारे ८०० दोऱ्या लागतात. डिसेंबरच्या मध्यापर्यंत काम चालतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात खांबावर चढलेला माळी दिसण्याची शक्यता चांगली. वर बसलेला माणूस दोरी फेकतो, खालचे ती झेलून फांदीला बांधतात. फोटोसाठी सगळे दोन पायांच्या कोतोजी दगडी दिव्याशी रांग लावतात. दोऱ्या पाहायच्या असतील तर कारासाकीच्या थेट खाली उभं राहून वर बघावं.

बागेतल्या शिगुरेतेइ चहाघरात सात-आठशे येनांत माच्चा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा) आणि एक गोड पदार्थ मिळतो. गोड आधी पूर्ण खायचं, मग चहा प्यायचा. आपल्यासारखं घोट-घास-घोट नाही. मांडी घातली तरी कुणी काही म्हणत नाही.

इशिकावा पूल ओलांडला की किल्ला. १५८३ मध्ये माएदा तोशिइए हा सरदार इथे आला. त्याच्या घराण्याची जहागीर दहा लाख कोकुंहून मोठी होती. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरणारा, साधारण १५० किलो तांदूळ. तोकुगावा शोगुनांनंतर (देशाचे तेव्हाचे लष्करी सत्ताधीश) एवढी श्रीमंती कुणाकडेच नव्हती, आणि शोगुनाच्या मनात संशय येऊ नये म्हणून माएदांनी ती श्रीमंती सैन्याऐवजी लाख, सोनं, रेशीम, मातीकाम आणि चहावर उधळली. शहर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतूनही वाचलं, म्हणून आजचं कानाझावा पाहायला मिळतं.

बालेकिल्ल्याचा मनोरा मात्र शोधू नका. तो १६०२ मध्ये वीज पडून जळाला आणि पुन्हा बांधला नाही. मूळ उरलेल्यांत १७८८ चं इशिकावा द्वार महत्त्वाचं. त्याचं छप्पर शिशाच्या पत्र्याच्या कौलांचं, म्हणून पांढुरकं दिसतं. द्वाराच्या आतल्या चौकात दोन बाजूंच्या दगडी भिंतींची घडण वेगवेगळी आहे: एकीकडे चिरे घासून बिनफटीचे बसवलेले, दुसरीकडे ओबडधोबड. २००१ मध्ये पुन्हा उभारलेल्या लांब कोठारात तिकीट काढून जरूर जावं. टोकाचा बुरूज काटकोनी नाही, त्याचे कोन ८० आणि १०० अंशांचे आहेत, त्यामुळे सुतारांना सांधे तिरपे काढावे लागले. आत बूट काढायचे असतात आणि डिसेंबरमध्ये लाकडी जमीन बर्फासारखी लागते. दोन जोड मोजे घाला. जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात किल्ल्याच्या काही दगडी भिंती ढासळल्या, त्या भागात अजून कुंपण दिसलं तर ते त्यासाठी.

दुपारी २१ व्या शतकाचं संग्रहालय. २००४ चं, गोल, काचेचं, समोर-मागे नसलेलं. लेआंद्रो एर्लिख यांच्या 'पोहण्याच्या तलावा'साठी लोक येतात: वरून पाण्याखाली माणसं चालताना दिसतात, कारण पाणी फक्त दहा सेंटिमीटर आणि त्याखाली काच. खाली उतरायचं तर त्याच दिवशीची वेळ मोबाइलवरून आरक्षित करावी लागते, ती सकाळीच करा. पाऊस असला की वरची बाजू बंद ठेवतात, आणि पाऊस असतोच. सोमवारी संग्रहालय बंद. तिथून दहा मिनिटांवर झेन विचारवंत दाइसेत्सु सुझुकी यांचं छोटं संग्रहालय आहे. तेही सोमवारी बंद. उथळ पाण्याच्या चौकोनासमोर बाकावर बसणं, एवढाच तिथला कार्यक्रम, आणि पाऊस पडत असेल तर तो जास्त चांगला होतो.

तिसरा दिवस: खेकडा आणि वर्ख

ओमिचो बाजार जवळजवळ तीनशे वर्षांचा, दुकानं दीडशेच्या वर. नऊच्या सुमारास जावं. अकरानंतर भाताच्या वाडग्यावर कच्चे मासे देणाऱ्या दुकानांपुढे तासाची रांग लागते आणि पाचला बाजार आवरतो. बुधवारी बरीच दुकानं बंद असतात. दुकानासमोर उभं राहून खावं, हातात घेऊन चालत खाऊ नये.

खायचा तो 'कोबाको' खेकडा. बर्फ-खेकड्याची ही मादी, तळहाताएवढी. हंगाम ६ नोव्हेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत. नर मार्चपर्यंत मिळतो, मोठा असतो आणि कित्येक पट महाग. मादीत मांस कमी, पण कवचाआड केशरी अंडाशय असतं आणि पोटाखाली तपकिरी दाणेदार अंडी. चिंबोरीतली लाख ज्यांना आवडते त्यांना यापुढे काही सांगायला नको. मागणी 'सोलून द्या' अशीच करावी, अख्खा खेकडा घेतला तर हॉटेलच्या खोलीत फोडायला काही नसतं. नोदोगुरो हा लालसर, आतून काळ्या गळ्याचा मासा इतका तेलकट की हलका जाळ दाखवला तरी चरबी सुटते. त्याचे दोन तुकडे पुरतात.

बाजारात भाजीच्या रांगा लोक बघत नाहीत, ती चूक आहे. जाड कागा काकडी, चिकट कागा कमळकाकडी, गोरोजिमाचं रताळं. हे रताळं भाजून मिळालं तर शाकाहारींचा नाश्ता झाला.

आसानो नदीच्या पलीकडे हिगाशी चाया. १८२० मध्ये शहरात विखुरलेली गेइशांची (गाणं-नाच करून पाहुण्यांचं मन रिझवणाऱ्या कलावंतिणींची) चहाघरं एकत्र करून ही वस्ती वसवली. घरांच्या दर्शनी भागाला 'किमुसुको' जाळी आहे. तिच्या पट्ट्यांचा छेद समलंब चौकोनी: बाहेरून जाळी बंद वाटते, आतून रस्ता स्वच्छ दिसतो. शिमा या घरात जावं. ते १८२० पासून जवळपास न बदलता उभं आहे. गल्लीचे फोटो नऊच्या आधी किंवा पाचनंतर, मधल्या वेळात भाड्याचे किमोनो आणि आइसक्रीमच्या रांगा. आइसक्रीमवर सोन्याचा अख्खा वर्ख चिकटवतात. त्याला कसलीही चव नसते आणि वारा असेल तर अर्धा गालाला चिकटतो. फोटोचे पैसे आहेत असं समजून घ्यायचं असेल तर घ्या.

वर्ख बनतो कसा ते मात्र जवळच्या यासुए सुवर्णवर्ख संग्रहालयात जाऊन पाहावं. जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात होतो. कारण पुन्हा ओल. वर्ख मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका पातळ असतो. हवा कोरडी असेल तर स्थिर विजेने तो हाताला, हत्याराला, स्वतःलाच चिकटतो आणि फाटतो. इथल्या दमट हवेत ती वीज साठत नाही. त्याच कारणाने हत्यारं बांबूची. नेहमीच्या मिश्रणात सोनं सुमारे ९४.४ टक्के, बाकी चांदी आणि थोडं तांबं. पट्टी लाटून, कुटून आधी हजारावा भाग, मग कागदाच्या गड्ड्यात घालून दहाहजारावा.

खरी कारागिरी त्या कागदात आहे. आपल्याकडे वर्ख जनावराच्या आतड्याच्या पडद्यांत कुटायचे आणि म्हणून अनेकजण वर्खाची मिठाई टाळतात. इथे पारंपरिक पद्धतीत हाताचा कागद पेंढ्याच्या राखेचं पाणी, तेंदूसारख्या काकी फळाचा तुरट रस आणि अंडं यांत भिजवून, पुन्हा पुन्हा कुटून तयार करतात. वर्खापेक्षा कागद तयार करायला जास्त वेळ जातो असं कारागीर सांगतात. कुटून थकलेला कागद चेहऱ्यावरचं तेल टिपायला विकतात. हलकी, खरी आणि कानाझावाचीच भेट हवी असेल तर ही घ्या.

तासाभराच्या कार्यशाळेत चॉपस्टिकवर किंवा डबीवर वर्ख लावता येतो. पायऱ्या: नक्षी चिकटपट्टीने झाकायची, गोंद लावायचा, तो कापडाने जवळजवळ पुसून टाकायचा, वर्ख ठेवून कापसाने दाबायचा, पट्टी सोलायची. बिघडतं ते गोंदापाशी. जाड राहिला तर सोन्याची चकाकी मरते आणि सुरकुत्या पडतात, फार सुकला तर वर्ख धरत नाही. आणि वर्ख उचलताना बोलू नका, श्वासानेही उडतो.

रात्री जिबुनी. बदकाच्या कापांना पीठ लावून सोया, मिरिन (तांदळाची गोड दारू) आणि दाशीत शिजवतात. पिठामुळे मांसाचा रस आत राहतो आणि रस्सा दाट होतो. सोबत शिताके अळंबी आणि बांबूच्या पडद्यात दाबून रेघा उमटवलेलं सुदारेफु. वर ठेवलेला वासाबी रश्शात विरघळवू नका, घासागणिक लावा.

चौथा दिवस: मातीच्या भिंती आणि निघणं

नागामाचीत सामुराईंची घरं. त्यांच्या मातीच्या कुंपणभिंतींवर डिसेंबरच्या सुरुवातीला 'कोमो', म्हणजे पेंढ्याच्या चटया टांगतात आणि मार्चमध्ये काढतात. माती ओल पिते, ती ओल रात्री गोठून फुगते आणि पापुद्रे निघतात. शिवाय गाडीने उडवलेला ओला बर्फ थेट भिंतीवर बसतो. पावसाळ्याआधी कोकणात भिंतींना झापं लावतात, तीच युक्ती. नोमुरा घराची छोटी बाग पाहावी, थेट ओसरीला लागून वाहतं पाणी आहे. साध्या पायदळ शिपायांच्या घरांचं संग्रहालय फुकट आहे आणि अधिक बोलकं.

म्योर्युजीला 'निंजा देऊळ' म्हणतात, निंजांचा संबंध नाही. बाहेरून दोन मजले, आतून चार, आणि २९ जिने. आधी फोनवर वेळ ठरवावी लागते, माहिती जपानीत सांगतात, इंग्रजी पुस्तिका हातात देतात, फोटो काढू देत नाहीत, अगदी लहान मुलांना घेत नाहीत. जिन्यांची भूलभुलैया आवडत असेल तरच.

दुपारी कानाझावा करी: स्टीलची ताटली, काळपट घट्ट रस्सा, वर डुकराचं तळलेलं कटलेट, बाजूला बारीक चिरलेली कच्ची कोबी, खायला काटा. तिखटाची अपेक्षा ठेवू नका, गोडसर असते.

स्टेशनातल्या दुकानांत मऊ ताजी मिठाई सुंदर दिसते, पण ती एक-दोन दिवसच टिकते. घरी न्यायची तर 'राकुगान' घ्या: तांदळाचं पीठ आणि बारीक साखर लाकडी साच्यात दाबून केलेली कोरडी वडी. बत्ताशासारखी विरघळते, विमानात फुटत नाही. सोबत भाजलेल्या देठांचा कागा-बोचा चहा.

टोकियोच्या गाडीत 'ई' आसन मागा, ते डोंगराच्या बाजूचं. तोयामाजवळ ३०१५ मीटरांचा पांढरा तातेयामा दिसतो. ढग नसले तर. डिसेंबरमध्ये बहुतेक वेळा असतात.